दीड आटा

बामणोलीच्या धक्क्यावर ते चाललं होतं.
म्हणजे, चोक ओढून धरला की चालायचं.
चोक सोडला की खोकायचं,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस खोकतो तसं,
आणि गप्प.

मी म्हटलं, पाण्यात भार पडला की सुटेल.
मेढ्यात स्कूटरी दुरुस्त करणाऱ्यानं
बोटीच्या इंजिनाबद्दल असं बोलू नये.
पण गेनूआबा संकपाळ दांडा धरून बसले होते,
नर्सबाई लसीची निळी पेटी मांडीवर घेऊन,
आणि पलीकडच्या अंगणवाडीत
अकरा पोरं वाट बघत होती म्हणे, बाह्या वर करून.

मधोमध गेल्यावर त्यानं दोन आचके दिले.
मग एवढी शांतता
की टाकीतलं पेट्रोल डचमळताना ऐकू आलं.

"हितं खाली आमचं खळं," आबा म्हणाले.
"थांबायला जागा बरी गावली त्याला."

मी कार्ब्युरेटरकडे बघितलं.
काल रात्रभर तो माझ्याकडे रॉकेलमध्ये भिजत होता.
सकाळी एकेक जेट उजेडाला धरून
त्यातून आभाळाचा टिपका दिसेतो फुंकला,
फ्लोटची उंची पट्टी लावून मोजली,
हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड आटा मागे. दीडच.
आता सव्वा केला. मग दोन.
परत दीड.
त्या स्क्रूभोवती प्रदक्षिणा घालत राहिलो,
कारण दुसरीकडे बघायचं नव्हतं.

टाकीच्या झाकणाची हवा, उघडी.
रबरी फुगा दाबून बघितला, टणक.
प्लग काढला: कोरडा, पांढराफटक,
दोन दिवस न जेवलेल्या माणसाच्या जिभेसारखा.
ठिणगी निळी. निळी असणारच.
पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय,
तरी उपाशी.
म्हणजे कुठून तरी हवा आत शिरतेय, न विचारता.

कुठून ते मला माहीत होतं.

परवा साताऱ्यात ग्यास्केट मिळालं नव्हतं.
जुनंच बसवलं, ग्रीस फासून, कडेला चीर गेलेलं,
आणि बिलात लिहिलं, माझ्याच अक्षरात,
नवीन ग्यास्केट, साठ रुपये.

नट सोडले. एक वायसर बोटांतून निसटला
आणि आबांच्या खळ्याकडे गेला.
"जाड कागद आहे का कुणाकडं?"
नर्सबाईंनी पिशवीच्या तळातून लग्नपत्रिका काढली.
कुणाची, ते त्यांनाही आठवेना.
"लग्न होऊन गेलं असेल," एवढं म्हणाल्या.

पत्रिका धातूवर दाबून धरली,
पान्याच्या टोकानं कडेकडेनं ठोकत गेलो,
टक टक, टक टक,
गणपती एका बाजूला तुटून गेला,
मामा-मामी, काका-काकू दुसऱ्या बाजूला,
मधला गोल सुटून मांडीवर पडला.
त्यावर एवढंच उरलं होतं: अगत्य येण्याचे क
ऑइल चोपडलं. बसवलं. आवळलं.

चौथ्या ओढीला सुरू झालं.
चोक आत ढकलला. चालूच राहिलं.
आबांनी दांडा पिळला तसा पुढचा भाग उचलला,
पाणी दोन्हीकडे फाटत गेलं.
हळू चालीवर अजून लंगडत होतं,
ते मी काही नीट केलं असं म्हणणार नाही.

नर्सबाईंनी पेटी उघडून बर्फ बघितला.
मी हात पुसत राहिलो, पुसून झाले तरी.

आबा बराच वेळ बोलले नाहीत.
मग समोरच बघत, इंजिनाच्या वर आवाज काढून,
"ह्या कागदाचं किती लावनार?"

मी खिशातला तो गोल तुकडा चाचपला.
उत्तर सुचेना.

तेवढ्यात काठ दिसायला लागला,
आणि काठावरची अकरा पोरं,
इंजिनाचा आवाज ओळखून
डोंगराकडे पळत सुटलेली.