डोळे उघडणं

आषाढात बैल वाळत नाहीत.
मातीचे, म्हणतोय मी.
गंगावेशच्या कुंभार गल्लीत, बेंदराच्या आधी आठ दिवस
हौसात्ती त्यांना चुलीभोवती गोल मांडायची,
थोरले मागं, बारके पुढं,
कुणी गोष्ट सांगणार असल्यासारखे.
मधूनच एखाद्याचं शिंग टचकन निघायचं.
ती ते थुंकी लावून चिकटवायची, म्हणायची,
"बेंदराला विकायचाय, नांगराला न्हाई."

मी नऊ वर्षांचा. काम : डबे धरणं.
एकात खडूची पांढरी, एकात गेरू,
करवंटीत डिंकात खललेलं काजळ.
बैल व्हायचा तो असा :
पोट म्हणजे तळहातावर वळलेली वळकटी,
चिमटीनं ओढून चार पाय,
अंगठ्यानं पाठ दाबली की पुढं वशिंड उठायचं.
हे मला अजून कळलेलं नाही,
ती तर दाबायची.

डोळे शेवटी.
डोळे काढू का, मी विचारलं,
तर हातावर फटका.
"डोळं काढत्यात व्हय रं मुक्या जनावराचं?
उघडू का म्हण."
उघडू का आत्ती, म्हटलं,
तेव्हा कुठं तिनं खराट्याची काडी
दाढेखाली चावून मऊ केली आणि मला दिली.

श्वास धरून पहिला उघडला. बरा उघडला.
दुसरा उघडताना बाहेर सायकलची घंटी वाजली
आणि बैलानं तिकडं बघितलं.
एक डोळा माझ्यावर, एक दारात.
मी रडायच्या बेतात.
आत्तीनं त्याला बल्बखाली धरलं, फिरवलं,
आणि अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.
पुसला नाही.
"उघडल्यावर मिटायचा कसा?"

पापाच्या तिकटीला पोत्यावर दुकान.
जोडी दोन रुपये. जोडी फोडायची नाही.
दिवेलागणीला केएमटीचा ड्रायव्हर आला,
नेमगोंडा पाटील, नाव मागाहून कळलं,
उकिडवा बसला आणि शंभरातून तोच उचलला.
"ह्यो कुठं बघतोय?"
सायकलकडं.
"आन् ह्या डोळ्यानं?"
माझ्याकडं.
"मग ड्रायव्हरच की गा! एक डोळा रस्त्यावर, एक आरशात."
मीटरवर एकच मावतो म्हणाला.
आत्तीनं जोडी फोडली.
रुपया माझ्या मुठीत, घामानं ओला.

पुढं कितीतरी वर्षं बावड्याच्या गाडीत
काचेमागं तो असायचा, बेगड उडालेला,
ब्रेक लागला की मान हलवल्यागत.
मी पुढच्या दारानं चढायचो.
पाटील ओरडायचे नाहीत.
"बघ, तुझ्यावर एक डोळा हाय त्याचा."

आता मी डिजिटल बोर्ड करतो.
वाढदिवसाचे, निवडीचे, गॉगलसकट चाळीस चेहरे.
डोळे लाल आले तर एका क्लिकला काळे होतात.
चुकलं तर मागं जाता येतं, कितीही वेळा.
काम वाईट नाही. पोरांच्या फीया त्यावरच भरल्या.
मॉनिटरखाली उरलेला जोडीदार उभा असतो,
त्याचे डोळे आत्तीनं उघडलेले,
तो सरळ बघतो, बावड्याच्या अंगाला.

आषाढात आठ दिवस दुकान पोऱ्यावर टाकून
मी गल्लीत जातो. काडी आता मीच चावतो.
आत्तीची बोटं वाकडी झालीत, वशिंड उठतं अजून.
यंदा एकशे बारा बैल,
दोनशे चोवीस डोळे,
सगळे सारखे यावेत म्हणून जपलो, आले नाहीत.

शेवटच्याला मुद्दाम हात हलवून बघितला,
वाटलं, तसला एक पुन्हा व्हावा.
सरळच बघतोय. शहाणा.
आत्तीनं बल्बखाली धरला, फिरवला, खाली ठेवला.
"घंटी कुठं वाजली?"