गडीमाणसं

वडगावात, माग विकला त्या खोलीत
आता तीन फुटी समुद्र आहे.
फरशीत मागाचे बोल्ट अजून तसेच;
त्यांच्यातच स्टँड बसवला.

काचेवर तपकिरी तूस धरलंय,
सुताचं बसायचं पापण्यांवर, तसंच.
इनास चोर्ला उतरताना फोन करतो:
"शंभर खेकडे घाल की, संपलं बघ."

शंभर कशाला?
आठवड्यात शेवाळ संपेल,
मग ते काय खातील, मला?

गोगलगायी सहा.
पालथी पडली तर आपली आपण उठणारी जात हवी,
नाहीतर मध्यरात्री बाही वर करून
किती जणींना सरळ करू?
वाळूत पुरून राहणाऱ्या दोन,
नुसती सोंड वर.
शंखातले खेकडे तीनच,
आणि सोबत रिकामे शंख मूठभर, जरा मोठे मोठे.
घर अपुरं पडलं की हे
गोगलगायीला मारून
तिच्यात राहायला जातात.

भारता दारातून म्हणते,
"एवढ्याशा पेटीला केवढी गडीमाणसं!
आणि घाण कुणाची?"

इनासला सांगितलं, पुढच्या खेपेला आण.
माशांसाठी उचललेली चिमूट
अर्धी डब्यात परत टाकली,
तिनं बघितलं नाही असं धरून.