खांदा

फियोदोरा आली तेव्हा दुपारी चारलाच काळोख,
बुटांना खाडीचा चिखल, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं लोखंड.
नवऱ्याच्या रायफलीचा नुसता सांगाडा.
नळी गंजून गेलेली, दस्ता चुलीत.
"यावर नवी बांध," म्हणाली. "अस्वलाला पुरेल अशी."

कोडियाकच्या नदीवर ती मासे मोजते,
फळ्यांच्या बांधावर उभी राहून, एकेक साल्मन.
अस्वलंही तिथंच येतात. मोजायला नव्हे.

मी बाकावर काडतुसं मांडली,
शाळेच्या फोटोला पोरं उभी करतात तशी.
चारशे अठ्ठावन्न : हत्तींच्या मुलखातलं, सरळसोट, बिनगळ्याचं.
चारशे सोळा : माझं लाडकं, सांगतो, लपवत नाही,
खांदा कसा ताठ, नव्या हवालदाराचा.
आणि तीनशे पंच्याहत्तर, शंभरी उलटलेलं,
उतरत्या खांद्याचं, आमच्या जुन्या पाद्रीबाबांसारखं.

लाडक्याबद्दल मी पुष्कळ बोललो.
गोळीचं वजन, हाडात शिरणं, वगैरे.
ती ऐकत होती. मग म्हणाली,
"आठवडाभर विमान आलं नाही, तर गावच्या दुकानात यातलं कुठलं मिळतं?"

मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

"आणि धक्का?"
उजवा हात तिनं वर नेला, कानापर्यंत. तिथंच अडकला.
"शवपेटीला सहाजण लागतात. पाचच होते,
बाकीची माणसं समुद्रावर. मग मीच खांदा दिला.
तेव्हापासून हा असा."

यावर बंदूक बांधणाऱ्यानं काय बोलायचं?
मी कॉफी ओतली. ती प्यायली नाही.
खिशातून बिस्किटांचा डबा काढून उपडा केला :
एक्केचाळीस रिकाम्या पुंगळ्या, काळवंडलेल्या, त्याच्या.
सगळ्या तीनशे पंच्याहत्तरच्या.
बाई ठरवूनच आली होती, माझं प्रवचन उगाच झालं.

रात्रभर गळे तापवले, टोप्या बसवल्या,
तराजूवर दारू तोलली, पुस्तकातल्या मापाहून थोडी हलकीच.
(माझ्या बापानं जन्मात मोजून घेतलेली दारू ही एवढीच.)
एकीला बुडाशी केसाएवढी चीर होती.
अशी फेकायची असते.
खिडकीत ठेवली आहे.

जूनमध्ये रेडिओवर तिचा निरोप आला :
मासे अकरा हजार चारशे दोन.
अस्वलं नऊ, त्यात एक पिल्लांची आई.
चाळीसच्या चाळीस शिल्लक.