थ नव्हे, ट

समुद्राकडून धुकं आलं की कागद फुगतो.
हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नसतो,
त्याला साडेचारला हवं असतं.
मी म्हणते, साडेचारला मिळेल,
आणि आत जाऊन डॉडला म्हणते,
दमानं घे, सरस अजून ओला आहे.

बावीस वर्षं झाली डंडीतल्या या गाळ्याला.
छापणारे छापून मोकळे होतात.
आम्ही त्यांच्यानंतरचे.
घडी, पिना, शिलाई, पुठ्ठा,
आणि शेवटी सुरी.
सुरी पडली की चूक कुणाची का असेना,
आमच्या टेबलावर उघडी पडते.

नोव्हेंबरातला गुरुवार. एकशे वीस प्रार्थनापत्रिका,
अंत्यविधीच्या, उद्या दहाला चर्चमध्ये हव्यात.
वर लोकरी टोपीतली एक बाई,
हातात स्वतः पिकवलेला कांदा,
चषक धरावा तसा.
खाली नाव : एल्स्पेथ मॅकरॉबी.

वांडा घड्या घालत होती.
शंभरेक झाल्यावर थांबली.
"नेटा, पाकिटावर ट आहे. इथे थ."
डॉड म्हणाला, त्यांनी छापलं, आपण दुमडलं,
नावाचा हिशेब आपल्या बिलात नसतो.
त्याचं खरंच होतं. सव्वासहा वाजले होते.
मी फोन उचलला.

आई गेलेल्या मुलीला हे कसं विचारायचं,
की माफ करा, आईचं नाव नक्की काय होतं?
तसंच विचारलं.
पलीकडे इतका वेळ काहीच नाही
की कुठल्याशा फ्रिजची घरघर ऐकू आली,
तिच्या की आमच्या, कळेना.
मग हसू. मोठं, नाकातून पाणी येईल असं.
"ट! जन्मभर भांडली हो त्या थ-शी,
बँकेशी, दवाखान्याशी, माझ्या नवऱ्याशीसुद्धा.
थ लावलात तर उठून बसेल."

छापखानेवाला ताटावरून उठून आला, कुरकुरत.
शाई त्याची, कागद माझ्या पदरचा.
डॉडनं कोट घातला, काढला,
बाहेर जाऊन व्हिनेगर घातलेल्या चिप्स घेऊन आला
आणि म्हणाला, तेलकट हात कागदाला लावू नका,
जणू आम्हीच लावणार होतो.
पावणेदोनला शेवटची पीन बसली.
बिल आधी ठरलं होतं तेवढंच केलं.
वांडाला ते पटलं नाही, अजून पटत नाही.

वाया गेलेला कागद फेकणं जिवावर येतं.
मागची पानं एका बाजूनं कोरी होती,
त्यांचे चिकटवून पॅड केले, दरपत्रकांसाठी.
मागे काय छापलंय ते कोण बघतो?

मार्चमध्ये ती आली. बिस्किटांचा डबा घेऊन.
डब्यात आईच्या बागेच्या नोंदी,
बियांच्या पाकिटांवर, पावत्यांच्या पाठीवर,
दंव कधी पडलं, गोगलगायींनी काय खाल्लं,
कडेकडेपर्यंत लिहिलेलं.
मी म्हटलं, याला सुरी लावायची नाही.
एकेक जाड पानावर बसवू, मग शिवू,
कडा वेड्यावाकड्या राहू देत.
तिनं मान हलवली. मी आकडा लिहून कागद फाडून दिला.

तिनं तो उलटला.
मला आठवलं तोवर उशीर झाला होता.
'विधीनंतर एल्स्पेथच्या वाफ्यापाशी चहा'
असं तिथे छापलेलं, काळं, स्वच्छ.
माझी जीभ टाळूला चिकटली.
बावीस वर्षांत एवढं साधं सुचू नये?

तिनं पेन मागितलं.
थ खोडला, वर ट काढला,
शाळेतली बाई काढते तसा, ठसठशीत.
मग विचारलं,
"पाठीवर सोनेरी एकच अक्षर घातलं तर स्वस्त पडेल?"
मी खरं ते सांगितलं,
की पितळी ठसा एका अक्षरासाठीही
तेवढाच तापवावा लागतो.

"तापवा," ती म्हणाली.