बारावा दिवस

पाचव्या दिवशी माझ्या तळव्यावर चार थेंब आले,
पाणचट, पिवळसर, बोटांना चिकटणारे.
न्वाझेतनं मान वळवून पाहिलं,
हा म्हातारा माझ्या पोटाखाली
काय हरवलेलं शोधतोय?

सतरा वर्षांची पेर्शरॉन घोडी,
चार वर्षं भाकड.
हल्ली ओढायची ती फक्त सफरचंदांची गाडी,
तीही उतारावर.
पलीकडच्या ठाणात शिंगरू,
ज्याचे पाय अजून त्याचे स्वतःचे झाले नव्हते.
त्याची आई व्यायली, आणि उठलीच नाही.
चीक कुठल्या तरी परक्या घोडीचा, गोठवलेला,
लेव्हेक बाईंनी कोमट करून नळीनं पाजला.
तेव्हापासून दर दोन तासांनी बाटली.
बाटली संपली की ते भिंत चोखायचं.

सुयांनी न्वाझेतच्या रक्ताला सांगितलं,
तू गाभण आहेस.
आठवड्यानं सांगितलं,
आता नाहीस.
आणि रक्त भोळं असतं, ऐकतं.

"पान्हा नुसत्या मायेनं फुटत नाही, आन्सेल्म,"
बाई म्हणाल्या, "डोक्यात एक हात असतो
दूध अडवून धरणारा.
ही गोळी तो हात धरते."
डब्यावरचं नाव मी ओळखलं.

मारिव्होनच्या उशालगतच्या खणात तीच होती,
लहान, पांढरी, जेवणाआधी एक.
त्या शेवटच्या उन्हाळ्यात
तिच्या पोटात काहीच ठरत नव्हतं,
ना पाव, ना पेअरचा रस,
शेवटी शेवटी पाणीसुद्धा.
उरलेली पट्टी मी टाकली नाही.
का, ते विचारू नका.

मी ती खिशातून काढून बाईंना दाखवली.
त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.
म्हणाल्या, "घोडीला एका वेळी अशा सत्तर-ऐंशी लागतात.
या सात गोळ्यांनी
तिची पापणीही ओली होणार नाही."

दिवसातून सात वेळा मी खाली बसलो.
दोनच सड, काळे, आखूड,
एवढ्या थोरल्या देहाला न शोभणारे.
डोकं तिच्या मांडीला टेकलेलं.
पहिले दिवस तिनं पाय उचलला,
मारला नाही.
सातव्या दिवशी पेलाभर.
नवव्या दिवशी बादलीच्या तळाशी
पहिल्यांदा धारेचा आवाज झाला,
आणि पलीकडचं भिंत चोखणं थांबलं.

बाराव्या दिवशी बाईंनी
खांद्यापर्यंत हातमोजा चढवला.
हात आत, दोन-तीन मिनिटं.
खोटी कळ, पण न्वाझेत थरथरली ती खरी.
घाम फुटला तोही खरा.
मी शिंगराला तिच्या नाकापाशी उभं केलं.

तिनं हुंगलं. कान मागे.
पुन्हा हुंगलं.
मग घशातून एक आवाज आला,
खिंकाळणं नव्हे, त्याच्या फार खालचा,
जड दार आतून सरकवावं तसा.
आणि ती त्याला चाटू लागली
कपाळापासून, घाईघाईनं,
उशीर झाल्यासारखी.
त्यानं आधी तिच्या गुडघ्याला ढुशी दिली,
मग माझ्या पोटाला,
मग सापडलं.

बाई बादलीत हात धूत राहिल्या,
स्वच्छ झाल्यावरही.

रात्री दोनला मला जाग आली, सवयीनं.
दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला,
अंगण ओलांडून ठाणापाशी गेलो.
आत दोघं उभी होती, अंधारात, एकाच श्वासाची.
कुणाला माझी गरज नव्हती.

बाटली गरम होती.
बूच काढलं
आणि तिथंच दारात उभा राहून
मीच ते प्यायलो.
गोड होतं, थोडं पिठूळ.
पोटात ठरलं.