चोथा

तिकीट मी खिडकीवर काढलं, पूर्ण पैसे मोजून.
ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यासारखा
टोपी कानांवर ओढून मागच्या खांबाला टेकलो.
सार्डिन डब्यांत भरायचा जुना कारखाना,
स्टावांगरच्या धक्क्यावरचा.
चाळीस वर्षांत मासा आत आलेला नाही,
भिंतींना ते कुणी कळवलेलं नाही.

सतरा माणसं. मी मोजली.
मोजणं ही माझी पोटापाण्याची सवय:
एकवीस वर्षं स्टाइनारच्या पाठीमागे बसून
चारपर्यंत मोजत आलो,
आणि माझ्या चारनंतर
मैदानंच्या मैदानं उठून उभी राहायची.

आता त्याच्यासमोर इस्त्रीच्या टेबलाएवढं टेबल,
तारांचा गुंता, लाल दिवे,
चष्मा नाकावर घसरलेला.
गिटार नाही. तो आवाजही नाही, ज्याच्यापायी
ओस्लोतल्या मुली तळहातावर त्याचं नाव लिहायच्या.
पोस्टरवरसुद्धा नाव नाही, नुसतं 'कोठार क्रमांक नऊ'.
आणि माझ्या जागी
पावाच्या लादीएवढी एक पेटी,
जिला घाम येत नाही,
जी दौऱ्यावर बायकोला फोन करायचं विसरत नाही.

सुरुवातीला नुसती घरघर.
फ्रीजची असावी, किंवा फेरीबोटीच्या पोटातली.
मग तिच्यावर काहीतरी ठिबकत राहिलं,
ना सम, ना खाली.
मांडीवर माझी बोटं आपोआप ठेका शोधू लागली,
रात्री परक्या घरात दिव्याचं बटण शोधावं तशी.
पुढचा एक जण ओरडला, "ते जुनं वाजव, रेल्वेपुलाचं!"
स्टाइनारने मान वर केली नाही.
पूर्वी तो अशा माणसाच्या हाती मायक्रोफोन द्यायचा.

गुन्वोर म्हणाली होती, जाऊ नकोस, चिडून परत येशील.
चिडायला मी तयारच होतो.
वाक्यंही ठरवून आणली होती.
तीन. त्यांतलं एक शिवीचं.

अर्ध्या तासाने त्या घरघरीतून एक खोकला आला.
कोरडा. दोनदा.
मग खुर्चीची करकर,
काठीवर काठी, टक,
आणि कुणीतरी श्वास घेतला, मोजण्याआधी घेतात तसा,
आणि मोजलं नाही.

माझा खोकला मला ओळखता येतो.
ब्याऐंशीचा हिवाळा, छातीत कफ,
बर्गनमधला तो तळघरातला स्टुडिओ.
प्रत्येक गाण्याच्या टेपचं पहिलं टोक
कात्रीने कापून टोपलीत पडताना
मी स्वतः पाहिलं होतं.
टोपली कुणी रिकामी केली, ते नव्हतं पाहिलं.
रस आम्ही जगाला विकला.
हा चोथा त्याने कुठल्या बरणीत भरून ठेवला होता,
इतकी वर्षं, मला न सांगता?

श्वास पुन्हा आला. पुन्हा. दर वेळी जरा लांब.
पेटी तो ताणत होती, कणीक ताणावी तसा,
आणि सतरा माणसं
न आलेल्या एकपाशी ताटकळलेली,
आणि अठरावा मी, ओठ घट्ट मिटून,
कारण एक माझ्या दातांमागे येऊन थांबला होता
आणि तो बाहेर पडला असता तर
तिथे वाजण्यासारखं काहीच नव्हतं.

बाहेर एक पोरगा कॅसेट विकत होता. ऐंशी क्रोनर.
मला ओळखलं नाही. पावती हवी का, म्हणाला.
हवी म्हटलं.

गुन्वोर जागीच होती. कसं होतं?
म्हटलं, गाणं असं काही नाही.
पण माझा कफ बरा वाजलाय.