हातचं राखून

याकुत्स्कचा दवाखाना, तिसरा मजला.
दुहेरी काचांच्या मधे कुणीतरी कापूस भरून ठेवलाय.
बाहेर उणे सत्तेचाळीस.
डॉक्टर आर्सेनी ल्वोविच बोलतात,
त्यांच्यामागून माझे हात बोलतात.
माझी बहीण नारीया माझ्या हातांकडे बघते,
तिचा नवरा उय्गुलान माझ्या तोंडाकडे.
नुसत्या हातांवर त्याचा कधी विश्वास बसत नाही.

दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही.
एक अक्षर चुकलंय, डॉक्टर म्हणतात, दोघांचं तेच.
होईल त्या लेकराचंही तेच चुकणार.
पण आता सगळं एका ठिपक्याएवढं असतानाच
ते अक्षर आम्ही...
आणि ते जो रशियन शब्द वापरतात
तो वर्तमानपत्राचे संपादक मजकुराला लावतात.

माझ्याकडे त्याला खूण नाही.
दुरुस्तीची एक खूण आहे आमच्या घरातली:
दोन बोटांनी जाळ्याचं भोक ओढून घ्यायचं, गाठ मारायची.
तीच केली.
नारीयाने विचारलं, जाळं कुठे फाटलंय?

हे कसं सांगायचं त्यांना?
मी म्हटलं, दोष नेमका कुठे आहे, असं विचारतेय.
ते खूश झाले. कागदावर पीळदार जिना काढला,
एका पायरीवर फुली मारली.
उय्गुलानने फुलीवर बोट ठेवलं,
मग तेच बोट स्वतःच्या छातीवर.
शहराच्या बॉयलरघरात तो पंपांवर तळवा टेकवून उभा असतो;
कुठला बिघडणार, हे कानवाल्यांच्या आधी त्याला कळतं.

आमच्या बाबांचा लोखंडी खोमुस होता,
दातांना लावून वाजवायचा.
नारीया तो हिसकावून घ्यायची,
दातांत धरून डोळे मिटायची.
तिला काय कळत असेल, कधी विचारलं नाही.
विचारायचं तर तिला डोळे उघडावे लागले असते.

आणि तो मार्च.
गोठलेल्या लेना नदीवरचा रस्ता,
मागून ट्रक, हॉर्न, मी ओरडले.
पुन्हा ओरडले.
मग आठवलं की ती ऐकत नाही.
तेव्हापासून तिचा डावा पाय दोन बोटं आखूड आहे,
आणि मी अजून झोपेत ओरडते.

म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले,
कात्री क्वचित भलतीकडेही चालते,
कुठे चालली ते कधीकधी फार उशिरा कळतं,
त्या लेकराच्या लेकरांत,
तेव्हा माझे हात आखडले.
'क्वचित' मी केलं, अगदी लहान, मांडीजवळ.
'लेकरांच्या लेकरांत' केलंच नाही.
तिच्या घरात कुणीतरी ऐकणारं असावं, एवढंच मनात होतं.
खरं सांगायचं तर, माझ्याशी तोंडाने बोलणारं.

नारीया बराच वेळ गप्प. म्हणजे हात मांडीवर.
मग तिने टेबलाच्या कडेला, हवेत, एक जागा दाखवली.
आमच्या भाषेत जो समोर नाही
त्याला अशी जागा द्यायची असते;
मग तो तिथेच असतो, बोलणं संपेपर्यंत.
तिकडे बोट करून तिने विचारलं,
ह्याला कुणी विचारलं?

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.
डॉक्टर म्हणाले, बहिरं जन्माला यायचं का, हे तरी कोण विचारतं?
तेही खोटं नव्हतं.
उय्गुलानने मान हलवली, होकाराची की नुसतीच, कळलं नाही.
मग डॉक्टरांनी फाईल सरकवली
नेमकी त्या जागेतून,
आणि आम्ही तिघं एकदम मागे सरलो.
त्यांना वाटलं, सही करायची भीती वाटतेय.

बसथांब्यावर कुणी बोलत नाही.
या थंडीत बोलायचं तर हातमोजे काढावे लागतात;
दोन वाक्यांत बोटं पांढरी पडतात,
म्हणून बहिरी माणसं हिवाळ्यात मोजकंच बोलतात.
उय्गुलान बस बघायला पुढे गेला.

मी दातांनी उजवा हातमोजा ओढला, मग डावा.
म्हटलं, वर एक गोष्ट मी तुला पूर्ण सांगितली नाही.
आणि सगळं केलं, मोठं, छातीसमोर:
कात्री. भलतीकडे. लेकरांच्या लेकरांत.
बोटं जळत होती.

ती बघत राहिली.
बस आली, दार उघडलं, वाफ बाहेर पडली,
उय्गुलान पायरीवरून आम्हाला बोलावत होता.
नारीयाने मान वळवली नाही.
ती तिचे हातमोजे काढायला लागली.